पाच नावांची गिरणी

“सावलीत बसा की ताई, उनात कशाला तापताय?” असं म्हणत ठकूबाईनं खांद्यावरचं घोंगडं झटकलं आणि संस्थांची नावं लिहिलेल्या मोठ्या फलकामागच्या सावलीत अंथरलं.

वैदेहीताई बसल्या. हेमंतदादाही बसले, बुटांसकट. दोघांनी पाण्याच्या बाटल्या काढल्या, बाजूचा डोंगर बघितला आणि ‘किती शांत आहे ना इथं’ असं एकमेकांना सांगितलं. शांत असणार नाही तर काय? गिरणी बंद होती. चालू असती तर शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू आलं नसतं.

“तू बी टेक की शालन,” ठकूबाई मला म्हणाली.

“नको मावशी, मी उभीच बरी.”

दोन तास डोंगर चढून आल्यावर कुणाला उभं राहावंसं वाटतं? ठकूबाईनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि ती चहा टाकायला घरात गेली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मार्गशीर्षातली दुपार होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची, आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेली, आमच्या तुकडीतली एकुलती एक मुलगी. घरोघरी फिटिंग करायला मुलगी कुणी ठेवत नव्हतं. ‘पोरगी शिडीवर चढणार आणि आम्ही खाली उभं राहून बघणार?’ असं एका ठेकेदारानं मला तोंडावर सांगितलं होतं. शेवटी ‘प्रकाशमैत्री मंच’ नावाच्या मंडळींनी मला ठेवलं. दर तीन महिन्यांनी करार नवा, आणि अंगात घालायला एक निळं जाकीट, पाठीवर सूर्य छापलेलं. त्या जाकिटाचा मला काय माज होता म्हणून सांगू! उन्हाळ्यातसुद्धा अंगातून काढत नसे.

मंच म्हणजे पाच संस्थांची मोट. डोंगरातल्या वाड्यांना सूर्याची वीज द्यायची, तीही सगळ्यांनी हातात हात घालून, असा त्यांचा पण. जांभूळघोलच्या धनगरवाड्यावर पिठाची गिरणी बसवायची ठरली. एका संस्थेनं पॅनेलं दिली, दुसरीनं गिरणी दिली, तिसरीनं खोली बांधली, चौथीनं बायकांना शिकवलं. पाचवीनं समन्वय दिला. वैदेहीताई त्या पाचव्या संस्थेच्या. समन्वय म्हणजे नक्की काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. या संस्थेचं पत्र त्या संस्थेला धाडायचं आणि त्यावर ‘आपल्या माहितीसाठी’ असं लिहायचं, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. हेमंतदादा पॅनेलवाल्या संस्थेचे आणि मंचाचे निमंत्रक. या लोकांत सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणतात. सख्खी भावंडं भांडणार नाहीत इतके भांडतात, पण ताई-दादा सुटत नाही.

तर त्या दिवशी ही दोघं वर आली होती ती गिरणी ठेवायची की उचलून न्यायची, ते ठरवायला. खरं म्हणजे ठरवूनच आली होती.

दिवाळीपर्यंत गिरणी झकास चालली होती. तिला बॅटरी नव्हती, ऊन असेल तेव्हा दळण. अकरा ते तीन ठकूबाई दळायची आणि वाडीतल्या चौदा घरांच्या बायका नाचणी, तांदूळ घेऊन रांगेत बसायच्या. दिवाळी झाली आणि मोटर खोकायला लागली. दोन मिनिटं फिरायची, लाल दिवा लागायचा, बंद. कार्तिक सरता सरता तर दिवसाकाठी पायलीभर पीठ निघेना.

त्यावर मंचाच्या पाच बैठका झाल्या. तीन शहरात, दोन संगणकाच्या पडद्यावर, वाडीवर एकही नाही. पॅनेलवाले म्हणाले, गिरणी फार वीज ओढते. गिरणीवाले म्हणाले, पॅनेलंच लेचीपेची. बांधकामवाले म्हणाले, खोली तर उभी आहे ना? शिकवणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही नीटच शिकवलं होतं, बायकांनीच ध्यान दिलं नाही. आणि समन्वयवाल्यांनी हे सगळं सगळ्यांच्या माहितीसाठी पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या अशा. शेवटी एक गोष्ट पाचही जणांना पटली, ती म्हणजे चूक वाडीची. गिरणी खालच्या डांबरी रस्त्याकाठच्या गावात न्यायची. तिथं वीज आधीपासून होती, दोन गिरण्याही होत्या. पण तिथं पाहुण्यांची गाडी थेट दारात जात होती.

ठकूबाईचं काय पणाला लागलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिचा धाकटा मुलगा भागो, वय एकतीस. वाडीतल्या पोरांना मुली मिळत नसत. मुलीचा बाप वर यायचा, दूध प्यायचा, मेंढरं मोजायचा आणि निघताना एकच विचारायचा, “दळाण कुठं?” दळण खालच्या गावात. उतरायला दोन तास, आणि डोक्यावर बोजा घेऊन चढायला तीन. नाहीतर घरचं जातं, पहाटेपासून. बाप मान हलवायचा आणि जायचा तो जायचाच. असे सात बाप येऊन गेले. ठकूबाईची थोरली सून बोजा वाहून वाहून मानेतनं वाकलेली, तिला बघून आठवाही गेला असता. पण आठवा आला तो श्रावणात. त्यानं गिरणी बघितली, पीठ चिमटीत धरून बघितलं आणि जागेवर सुपारी फोडली. माघातली तारीख धरली.

“मला लेक न्हाय,” ठकूबाई तेव्हा मला म्हणाली होती. “भागोच्या लग्नात करवली तू. कलश तुझ्या हातात. घरच्या मानसाला पत्रिका नसती, तुला अक्षता धाडीन. ते निळं जाकीट मातुर घालून येऊ नगंस.”

मी हसले होते. त्याच आठवड्यात मी बाजारातून साडी आणली.

ठकूबाईनं चहा आणला. हेमंतदादांनी घसा साफ केला.

“ठकूताई, आम्हालाही वाईट वाटतंय. पण आकडे बोलतात.”

“काय बोलत्यात?”

“दिवाळीपासून गिरणी एकूण अकरा तास चालली. वाडीची मानसिक तयारी अजून झालेली नाही, असं मंचाचं मत पडलं.”

“माणसाची तयारी हाय दादा. गिरणीचीच न्हाय.”

वैदेहीताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. फार हळुवार बोलायच्या बाई. “आपण याला अपयश नाही म्हणायचं, ठकूताई. आपण याला शिकवण म्हणायचं.”

“आन् भागोच्या सासऱ्याला काय म्हनायचं?”

यावर समन्वयानं चहाचा घोट घेतला. ठकूबाई उकिडवी बसली होती ती तशीच पुढं सरकली.

“ताई, ऊन आलं बगा तुमच्या अंगावर. जरा हिकडं सरकून बसा.”

ताई सरकल्या. दादाही सरकले. मग दादांनी मंचाचं धोरण समजावून सांगितलं, ते पंधरा मिनिटं चाललं. ठकूबाई मान डोलवत होती. मध्येच पुन्हा म्हणाली, “दादा, तुमच्या पायावर आलं. सरका.” दादा सरकले. घोंगडं तिनं स्वतः ओढून दिलं. मी बघत होते.

“लई येळ बसलाय न्हवं तुमी?” ठकूबाईनं विचारलं.

“झाला की तासभर,” ताई म्हणाल्या.

“गार वाटतंय?”

“छान वाटतंय अगदी.”

“मग तुमच्या पाठीमागं जी बसल्यात, त्यास्नीबी गारच वाटत आसंल की.”

दोघांनी एकदम मागं वळून बघितलं. मागं पॅनेलं होती. लोखंडी स्टँडवर, तीन रांगांत, जमिनीलगत. त्या फलकाची काळीशार सावली घोंगड्यावरून पुढं जाऊन पहिल्या रांगेवर झोपली होती. सगळी पॅनेलं एका माळेत जोडलेली. माळेतल्या एका रांगेवर सावली पडली की मागच्या दोन रांगा उन्हात असून नसल्यासारख्या.

“आमी मेंढरामागची मानसं,” ठकूबाई म्हणाली. “सावलीवर दिस मोजतो. थंडीत सूर्य दक्षिणंला कलतो आन् सावली लांब पडती, ह्ये कोकरालाबी कळतं. ते बी उनात जाऊन बसतंय. ही बिचारी उठून जात्यात कुठं?”

त्या फलकाचं सांगते. बारा फूट रुंद, जमिनीपासून दहा फूट उंच. आधी तो दोन फुटांचा ठरला होता, दारावर ठोकायचा. पण पाच संस्थांची पाच बोधचिन्हं, आणि पहिलं कुणाचं? या प्रश्नावर दीड महिना गेला. तेवढ्या दिवसांत अशा चार गिरण्या बसल्या असत्या. मग वैदेहीताईंनी तोडगा काढला, बोधचिन्हं गोलात लावायची म्हणजे पहिलं कुणीच नाही. गोल म्हटल्यावर जागा वाढली. प्रत्येक चिन्हाखाली घोषवाक्य आलं, जागा आणखी वाढली. मग फोटोवाला म्हणाला की एकाच फोटोत फलक आणि पॅनेलं दोन्ही यायला हवीत, म्हणजे फलक पॅनेलांसमोर पाच फुटांवर. समोर म्हणजे दक्षिणेला, कारण पॅनेलं दक्षिणेकडं तोंड करून बसवतात. उद्घाटन मे महिन्यात, भर दुपारी, सूर्य डोक्यावर. सावली फलकाच्या पायाशी मांजरासारखी मुटकुळं करून पडलेली. फोटो फार सुंदर आला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण नाव काय ठसठशीत!

हेमंतदादा उठले. त्यांनी सावलीकडं बघितलं, फलकाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

“शालन, तू वायरमन आहेस. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?”

“नाही आलं, दादा,” मी म्हणाले.

ठकूबाईची मान माझ्याकडं वळली. मग तिनं पॅनेलांच्या पायाशी बघितलं. तिथं पाच-सहा दगड ओळीनं मांडलेले होते, एकेक वितीच्या अंतरानं.

ते दगड मी ठेवले होते.

हो, मीच. मघापासून या लोकांना नावं ठेवतेय ना? माझं ऐका. त्या फलकाचे खड्डे मी खणले, पायातले आठही बोल्ट मी आवळले, पान्याच्या दांड्याला पाइप लावून, हलू नयेत म्हणून. आवळतानाच मला कळलं होतं की थंडीत इथं काय होणार. सावली म्हणजे वीज गेली, हा आमच्या कोर्समधला पहिल्या महिन्यातला धडा. पण त्याच्या आदल्याच दिवशी फलकाच्या जागेवरून दादा कुणावर तरी ओरडले होते आणि माझा करार पुढच्या आठवड्यात संपत होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. म्हटलं, थंडी लांब आहे. मग थंडी आली. गिरणी का बंद पडते ते बघायला मला एकटीला वर धाडलं, तेव्हा मी तासातासाला सावलीच्या टोकाशी दगड ठेवून मोजून बघितलं. वाटलं, निदान माझी चूक निघावी. निघाली नाही. ठकूबाई तेव्हा ओट्यावर नाचणी पाखडत होती. खाली उतरून मी अहवाल लिहिला, दादांनी फोनवर सांगितला तसा. ‘वापरकर्त्यांची हाताळणी सदोष.’ अक्षर माझं, सही माझी.

“मग आता पाडा की त्यो फलक,” ठकूबाई म्हणाली.

दादा दचकले. “पाडा? असं कसं पाडता येईल? पाचही संस्थांची लेखी संमती लागेल. फलक तीन वर्षं उभा ठेवायचा, असं करारात आहे.”

“आन् गिरणी?”

“गिरणीचं तसं करारात काही नाही.”

माझ्या कानांनी ऐकलंय हे वाक्य. वैदेहीताई म्हणाल्या, आपण एक तांत्रिक समिती नेमू. दादा म्हणाले, पॅनेलं उंचावर नेता येतील का, याचा अभ्यास करू. ताई म्हणाल्या, अभ्यास होईपर्यंत गिरणी खाली सुरक्षित राहील. बोलता बोलता ऊन परत अंगावर आलं आणि दोघं आपसूक सावलीत सरकली. कुणाला सांगावंही लागलं नाही.

ठकूबाई उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पाना दे.”

माझ्या खांद्याला अवजारांची पिशवी होती. मी दादांकडं बघितलं.

“शालन,” दादा म्हणाले, “हात लावायचा नाही.”

माझा हात पिशवीवर होता, तो तिथंच राहिला. मी पाना दिला नाही. देत नाही असंही म्हणाले नाही. ठकूबाईनं माझ्या पिशवीत हात घालून स्वतः पाना काढून घेतला.

“आगं पोरींनो, या गं!” तिनं हाक दिली.

वाडीतल्या बाया दळणं घेऊन आशेनं येऊन बसल्याच होत्या, रोज बसायच्या. सात-आठ जणी उठल्या. बोल्ट मी आवळलेले, सहज कसे निघतील? पण चाळीस वर्षं जातं ओढलेला हात होता तो. ठकूबाई पान्याला लोंबकळली, थोरली सून तिच्या कमरेला धरून मागं रेटली आणि पहिला बोल्ट किंचाळत फिरला. बाया खदाखदा हसल्या. “पिरगाळ त्येचा कान!” एक ओरडली. पुढचे सात निघायला अर्धा तासही लागला नाही. दादा “अहो, अहो” करत भोवती फिरत होते. वैदेहीताई फोनवर रेंज शोधत होत्या, बहुतेक समन्वयासाठी. आणि मी? मी ज्या जागी उभी होते त्याच जागी उभी होते. एक वर्षाचं पोर माझ्या पायाशी बसून जाकिटाची चेन खालीवर करत होतं.

फलक आडवा झाला, तसं ऊन पॅनेलांवर धाडकन पडलं. ठकूबाईनं खोलीत जाऊन खटका दाबला. मोटर एकदा खोकली, मग तिनं सूर धरला, आणि थांबलीच नाही. कुणीतरी गिरणीच्या वरच्या खोक्यात नाचणी ओतली. पिठाचा धुरळा दारातून बाहेर आला आणि बायांनी गलका केला. थोरली सून तिथंच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

बायांनी फलक उचलला. कोकरांच्या खोपटावरचं छप्पर पावसात गेलं होतं, तिथं टाकायला.

तेव्हा हेमंतदादा धावले. मला वाटलं, अडवतायत. त्यांनी अडवलं नाही.

“अहो, उलटा टाकू नका,” ते म्हणाले. “निदान नावं तरी वर राहू द्या.”

बायांनी नावं वर ठेवली. मनाच्या मोठ्या होत्या. आभाळातून जाणाऱ्या घारींना पाचही संस्था एकदम दिसाव्यात, अशी सोय झाली.

उतरायची वेळ झाली. दादा आणि ताई पुढं गेले. त्यांना पीठ बांधून दिलं होतं, एकेक शेर, केळीच्या पानात. ठकूबाई पाना घेऊन माझ्याकडं आली, पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला.

“मावशी,” मी म्हणाले, “दादांचं तुम्ही मनावर घेऊ नका. ते...”

“त्यांचा राग न्हाय गं मला,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. “त्यास्नी कळतच न्हाय, त्यांच्यावर कशाला रागवू? तुला कळत हुतं.”

आणि ती गिरणीकडं वळली. दळण खोळंबलं होतं.

महिन्याभरानं मंचाचा अहवाल निघाला. ‘संस्थांच्या एकत्रित तांत्रिक हस्तक्षेपामुळे गिरणी पूर्ववत,’ असं त्यात होतं. तोही मीच लिहिला. माझा करार तीन महिन्यांऐवजी वर्षाचा झाला. पुढं मी ते काम सोडलं, आता तालुक्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बरं चालतं. गिरणीही अजून चालते म्हणतात. मी वर गेलेली नाही.

भागोचं लग्न माघातच झालं. पत्रिका छापल्या होत्या, दोन मंचाच्या कचेरीत आल्या, एक हेमंतदादांना आणि एक वैदेहीताईंना. दोघांचीही नावं ‘प्रमुख उपस्थिती’त होती. पण त्या दिवशी नेमकी मंचाची बैठक होती, दोघंही गेली नाहीत. मी त्या दिवशी मोकळीच होते. सकाळी उठून मी न्हाले, साडी ट्रंकेतून काढून खाटेवर ठेवली आणि दुपारपर्यंत दाराकडं बघत बसले.

मला अक्षता आल्या नाहीत.